वर्षाच्या बोलीवर मिळालेलं अभय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातला अमेरिकेतल्या गांजावरचा मजकूर इथे कॅलिफोर्नियात बसून वाचला. ‘अमेरिकेत गांजा मोकळा’ असा मथळा आणि शेजारी धुराची वलयं सोडणाऱ्या तरुणाचा फोटो. मजकुरात खोटं काही नव्हतं. पण ज्यांनी हे दार पहिल्यांदा किलकिलं केलं ते आजारी लोक त्यात कुठे दिसले नाहीत. त्यांना मिळालेलं अभय अजूनही वर्षाच्या बोलीवर आहे, हेही कुठे आलं नाही. पत्र थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

२०२१ मध्ये यजमानांची केमो सुरू झाली. फोडणीचा वास आला की ते उठून मागच्या अंगणात जाऊन उभे राहत. दिवसभरात मेतकूट-भाताचे चार घास, तेही टिकतील याची खात्री नाही. शेवटी कर्करोगाच्या डॉक्टरांनीच सुचवलं, जिभेखाली गांजाच्या अर्काचे थेंब घेऊन बघा, काहींची मळमळ कमी होते. इथला डॉक्टर गांजा औषध म्हणून लिहून देऊ शकत नाही, फक्त शिफारस करू शकतो. तेवढी शिफारस करण्यासाठीसुद्धा डॉक्टर आणि रुग्णांना केंद्र सरकारविरुद्ध कोर्टात जावं लागलं होतं. २००२ मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल लागला. आम्ही ते थेंब घेतले नाहीत. का, ते पुढे सांगते.

सॅन फ्रान्सिस्कोत ऐंशीच्या दशकात एड्सनं तरुण मुलं पटापट जात होती. मेरी जेन रॅथबन नावाची एक म्हातारी, जन्मभर वेट्रेसचं काम केलेली, गांजा घातलेल्या ब्राउनी भाजायची आणि तिथल्या जनरल हॉस्पिटलच्या एड्स वॉर्डातल्या मुलांना वाटायची. तिला तीनदा अटक झाली. प्रत्येक अटकेबरोबर ‘ब्राउनी मेरी’चं नाव वाढत गेलं, असल्या आजीबाईला बेड्या घालणाऱ्यांचीच शोभा होत होती. १९९१ मध्ये शहरानं रुग्णांच्या बाजूनं कौल दिला. नोव्हेंबर १९९६ मध्ये राज्यातल्या ५५ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ‘प्रपोझिशन २१५’ हा जनमताचा प्रस्ताव मंजूर केला आणि औषध म्हणून गांजाला परवानगी देणारं कॅलिफोर्निया हे पहिलं राज्य ठरलं. त्यासाठी सह्या गोळा करणाऱ्यांत स्वतः आजारी असलेले, जोडीदार गमावलेले लोक होते.

राज्यानं दिलं, पण केंद्राचा कायदा होता तिथेच होता. इथल्या कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझजवळ काही रुग्ण मिळून गांजाची एक बाग करत. कर्करोगाचे, एड्सचे, काही अखेरच्या दिवसांतले. विकायचं काही नाही, पिकेल ते आपसात वाटून घ्यायचं. सप्टेंबर २००२ मध्ये पहाटे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्याचे सशस्त्र लोक आले आणि झाडं उपटून घेऊन गेले. त्याच महिन्यात रुग्णांनी सांताक्रूझच्या नगरपालिकेच्या आवारात, शहराच्या पदाधिकाऱ्यांदेखत, उघडपणे औषध वाटलं. त्यानंतर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की राज्याची परवानगी असली तरी केंद्र कारवाई करू शकतं. कोर्टाचा रस्ता तिथे संपला आणि उरला तो आधीच धरलेला, संसदेच्या प्रतिनिधिगृहात खेटे घालण्याचा.

सांताक्रूझचे प्रतिनिधी सॅम फार डेमोक्रॅट होते. त्यांच्या जोडीला उभे राहिलेले डेना रोहराबाकर रिपब्लिकन, एकेकाळी राष्ट्राध्यक्ष रेगन यांची भाषणं लिहिणारे. मागणी मोठी चतुर होती. गांजाचा कायदा बदला असं त्यात म्हटलंच नव्हतं. केंद्राच्या न्याय खात्यानं आपल्या मंजूर खर्चातला पैसा राज्यांच्या वैद्यकीय गांजा कायद्यांच्या आड येण्यासाठी वापरू नये, एवढंच. म्हणजे खात्याच्या बटव्याची नाडी आवळायची. २००३ मध्ये या तरतुदीला १५२ मतं मिळाली, विरोधात २७३. मग २००४, २००५, २००६, २००७, २०१२, दर खेपेला हार. ३० मे २०१४ च्या मतदानात २१९ विरुद्ध १८९ असा कौल मिळाला आणि वर्षअखेरीस ती कायद्यात आली.

मधल्या अकरा वर्षांत प्रश्न लावून धरला तो ‘अमेरिकन्स फॉर सेफ ॲक्सेस’सारख्या रुग्णांच्या संघटनांनी. हे काम कसं चालतं ते मी मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जासंस्थेचा आजार झालेल्या एका बाईंकडून शिकले. व्हीलचेअरवरून वॉशिंग्टनला जाऊन त्या कचेऱ्यांमागून कचेऱ्या पालथ्या घालतात. प्रतिनिधीच्या कार्यालयात आधी तुमचा पिनकोड विचारतात. त्यांच्या मतदारसंघातला असेल तर पुढचं ऐकतात. समोर बसतो पंचविशीतला सहायक, हातात वेळ दहा मिनिटं. पहिल्यांदा मी आजारपण सांगायला बसले, मेतकूट-भातापर्यंत पोचले आणि त्या पोराला पुढच्या मीटिंगचं बोलावणं आलं. दुसऱ्या वेळी एक कागद नेला. वर एका ओळीत मागणी, खाली आमची हकिगत चार ओळींत, शेवटी फोन नंबर. आठवड्यात उत्तर आलं नाही तर आपण फोन करायचा, पुन्हा नाही आलं तर पुन्हा. तलाठ्याच्या कचेरीत सात-बाऱ्यासाठी चकरा मारलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आता मथळ्याकडे येते. ही तरतूद खर्चाच्या कायद्याबरोबर येते आणि त्याच्याबरोबरच संपते. म्हणून दर आर्थिक वर्षी ती नव्यानं घालून घ्यावी लागते. मे २०१७ मध्ये न्याय खात्याचे तेव्हाचे प्रमुख, ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, नेत्यांना पत्र लिहून ती वगळण्याची गळ घातली होती. तेव्हा ती वाचली. २०१६ मध्ये नवव्या विभागीय अपील न्यायालयानं या तरतुदीचा आधार घेऊन राज्याचे नियम काटेकोर पाळणाऱ्यांवरचे खटले थांबवले. त्याच निकालात बजावलंही, की काँग्रेसनं उद्या पैसे पुन्हा मोकळे केले तर आज केलेल्या कृत्याबद्दल उद्या खटला भरता येईल. केंद्राच्या अनुदानावरच्या घरात राहणाऱ्या गरीब रुग्णाला तर या तरतुदीचा उपयोगच नाही. गांजा सापडला तर त्याचं घर जाऊ शकतं.

२०१६ मध्ये कॅलिफोर्नियात प्रौढांना सरसकट परवानगी मिळाली. तेव्हापासून कंपन्यांचे पगारी लॉबिस्ट सुटाबुटात त्याच कचेऱ्यांत येतात आणि करांबद्दल, बँक खात्यांबद्दल बोलतात. आजारी माणसाची बाब मात्र मागे पडत चालली आहे, आणि मला त्याचा राग येतो. गांजा सर्वांना मानवतो असं मी म्हणत नाही. कोवळ्या वयात आणि काही मानसिक आजारांत तो घात करतो. पण तो निवाडा डॉक्टर आणि रुग्णानं करायचा.

आम्ही थेंब का घेतले नाहीत? यजमान अजून ग्रीन कार्डावर आहेत. इमिग्रेशन हा केंद्राचा विषय, तिथे राज्याची परवानगी कोणी विचारात घेत नाही. एप्रिल २०१९ मध्ये नागरिकत्व खात्यानं लेखी स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असलेला गांजाही अर्जदाराच्या ‘सच्चारित्र्या’ला बाधक ठरू शकतो. आमच्या वकिलानं तर सांगितलं, घेऊ नका आणि शिफारसपत्र घरात ठेवूही नका. बटव्याच्या नाडीनं फक्त न्याय खातं बांधलं गेलं आहे. व्हिसावरचे, ग्रीन कार्डवरचे हजारो मराठी लोक त्या अभयाच्या बाहेर आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना हे ठाऊकही नसतं. चौकातल्या दुकानात पाटी लावून मिळतं, म्हणजे चालत असेल, असं आईवडिलांच्या गुडघेदुखीसाठी गांजाचं मलम नेणाऱ्या मुलांना वाटतं.

इथल्या मराठी मंडळींच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात नाटकं, गाणी, वधू-वर मेळावे असतात. त्यात एक तास इमिग्रेशनच्या वकिलाला द्यावा. आपल्यापैकी जे नागरिक आहेत त्यांनी खर्चाचं विधेयक चर्चेला आलं की आपापल्या प्रतिनिधीला फोन करून दोन गोष्टी मागाव्यात: तरतूद कायम ठेवा आणि इमिग्रेशनलाही ती लागू करा. ‘गांजा’ हा शब्द फोनवर उच्चारायची लाज वाटते, हे मी स्वतः अनुभवलं आहे. पहिल्या फोनला मी दार लावून घेतलं होतं.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या वेळी या विषयावर लिहाल तेव्हा धुराचा फोटो नको. यजमानांचे उपचार पूर्ण झाले आहेत आणि आता फोडणीचा वास त्यांना सोसतो.

आपली,
एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

(कृपया नाव छापू नये. यजमानांच्या नागरिकत्वाची मुलाखत अजून व्हायची आहे.)