ते राजाचे थडगे नव्हे

माननीय संपादक,
स. न.

इंग्लंडमधल्या वेस्ट केनेट लाँग बॅरोवरचा (म्हणजे आत दगडी दालने असलेला, मृतांसाठी रचलेला मातीचा लांबट ढिगारा) लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. फोटो छान होता, पण त्याखालची ‘नवाश्मयुगीन राजाची समाधी’ ही ओळ खटकली. मुलगी स्विंडनला असते. तिच्याकडे गेलो की त्या टेकडीवर माझी एक फेरी ठरलेली, म्हणून हे चार शब्द.

तिथे राजा कुणी नाही. १८५९ साली आणि पुढे १९५५-५६ मध्ये उत्खनने झाली. पाच दालनांतून किमान ३६ जणांची हाडे मिळाली. त्यांत बाया होत्या, पुरुष होते, लहान मुलेही होती. हाडे हलवलेली, एकमेकांत मिसळलेली, कवट्या आणि लांब हाडे हिशेबापेक्षा कमी. एका म्हाताऱ्याच्या गळ्यापाशी चकमकीच्या दगडाचे बाणाचे टोक सापडले. ही माणसे इ.स.पू. ३६५० च्या सुमारास, बहुधा एखाद्या पिढीच्या काळातच तिथे ठेवली गेली. नंतर हजारभर वर्षे आत माती, खापरे पडत राहिली आणि शेवटी प्रचंड शिळा लावून तोंड बंद केले. (१९५५ च्या खोदकामातले पुरातत्त्वज्ञ स्टुअर्ट पिगट महायुद्धात भारतात होते; आपल्या प्रागितिहासावरही त्यांनी पुस्तक लिहिले.)

हे थडगे ‘जसेच्या तसे’ उरले आहे असे लेखात म्हटले आहे, तेही अर्धेच खरे. पडलेल्या दर्शनी शिळा १९५० च्या दशकात पुन्हा उभ्या केल्या, आणि छतातला काचेचा झरोका तर आपल्याच काळातला. ढिगारा सुमारे १०० मीटर लांब, पण आत चालायला मिळते जेमतेम १२ मीटर.

तिकीट नाही, दार नाही. रस्त्यालगत गाडी लावायची, ओढा ओलांडून शेताच्या कडेने चढायचे, की दहा-पंधरा मिनिटांत वर. आत ओल असते, कोपऱ्यात कुणीतरी ठेवलेली फुले आणि मेणबत्तीचे ओघळ. तिथल्या एका शिळेवर हात फिरवला तर मधेच गुळगुळीत लागते. दगडी कुऱ्हाडी घासून घासून झालेली ती जागा. आमच्या कोकणातल्या घराच्या पायरीला कोयत्याने पाडलेली खळगी अगदी अशीच आहे.

पुढे कधी फोटो छापलात तर त्या दगडाचा छापा. माझ्याकडे एक आहे, जरा हललेला आहे इतकेच.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे