चहाला जाताना दोन बटणं दाबा

महोदय,

गेल्या आठवड्यात नातीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला इथल्या एका सुविधा केंद्रात गेलो होतो. माझा नंबर आला आणि ऑपरेटर चहाला उठला. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, मॉनिटरचं तोंड रांगेकडे आणि त्यावर माझ्या आधीच्या बाईंचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तसाच उघडा. नाव, आधार क्रमांक, मोबाईल, बँकेचं खातं आणि एका रकान्यात 'परित्यक्ता'. वाचायचं नाही म्हटलं तरी नजर दुसरीकडे वळवायला जागा नव्हती. बाई अजून दारातच चपला शोधत होत्या.

मी ३४ वर्षं बँकेत काढली, बरीचशी कॅशवर. पाच मिनिटं उठायचं झालं तरी ड्रॉवरला कुलूप आणि किल्ली खिशात. ते कुणी शिकवावं लागलं नाही, कारण शंभराची नोट कमी पडली तर पदरचे भरावे लागत. लोकांची माहिती गेली तर ऑपरेटरच्या पदरचं काय जातं? माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे. टपरीवर उभा असलेला ऑपरेटर हा आकडा ऐकून हसेलच.

विंडोजचं बटण आणि एल एकदम दाबलं की स्क्रीन लॉक होते. अर्धवट भरलेला अर्ज पुसला जाईल अशी भीती अनेकांना असते. तसं होत नाही, पासवर्ड टाकला की काम जिथल्या तिथे सापडतं. विसरभोळ्यांसाठी ठरावीक मिनिटांनी आपोआप लॉक होण्याची सोयही सेटिंगमध्ये आहे. जिल्हा प्रशासनाने सगळ्या केंद्रांना एवढं दोन ओळींत कळवावं. मॉनिटरही रांगेकडून वळवायला सांगावं. अर्ज तपासायचा असेल तेव्हा ज्याचा त्याला दाखवता येतो.

ऑपरेटर परतल्यावर त्याला मी ही बटणं दाखवली. पोरगा चांगला, लगेच दाबून पाहिली. स्क्रीन लॉक झाली. मग शेजारच्या टेबलाकडे मान वळवून म्हणाला, "दादा, आपला पासवर्ड काय ठेवलाय?"

दादांनी बसल्या जागेवरून सांगितला. सगळ्या रांगेने ऐकला.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा