जुन्या झाडांची साल खाल्ली जाते आहे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

14 जुलै 2024 रोजी रेवती रेंजवर एकाच दिवसात 11 लाखांहून अधिक रोपे लावून इंदूरने विक्रम केला. त्याचा अभिमान आहेच. पण जी झाडे कधीची उभी आहेत, ती डोळ्यांदेखत पोखरली जात आहेत, त्यांची काळजी कोण घेणार?

आपल्या अंगणातल्या आंब्याच्या, पेरूच्या किंवा रस्त्याकडेच्या गुलमोहराच्या बेचक्यात जरा निरखून पाहा. सालीवर तांबूस भुशाच्या जाळीदार पट्ट्या दिसल्या, तर ती वाळवी नव्हे. वाळवीचे घर मातीचे असते. ही जाळी सालीचा चुरा आणि विष्ठा रेशमी धाग्यात गुंफून केलेली असते, आणि ती करते साल खाणारी अळी. पावसाळ्याच्या तोंडावर पतंग सालीच्या भेगांत अंडी घालतात. त्यातून निघालेली अळी नऊ-दहा महिने त्याच झाडावर जगते. दिवसा खोडातल्या भोकात दडून बसते आणि रात्री जाळीच्या आडून साल खाते. म्हणूनच टँकर आणून वरवर फवारणी केली, तरी तिच्यापर्यंत काही पोहोचत नाही. खोडाला गेरू-चुना फासून तर भोके नुसती झाकली जातात.

उपाय साधा आहे. आमच्या कॉलनीत काही घरांनी मिळून तो सुरू केला आहे. काथ्याच्या ब्रशने जाळी खरवडायची, भोकात सायकलची तार घालून अळी मारायची, मग रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून वरून चिखलाने लिंपायचे. काही दिवसांनी ताजा भुसा दिसला, तर पुन्हा तेच करायचे. पावसाळा सरल्यावरचे हे दिवस त्यासाठी योग्य, कारण अळी अजून लहान असते.

मात्र एकट्यादुकट्याने हे करून भागत नाही. शेजारचे झाड तसेच राहिले, तर पुढच्या मे-जूनमध्ये तिथून निघालेले पतंग आपल्याकडेच येणार. आमच्याकडे खरी अडचण बंद घरांची आहे. मुले पुण्याला, बंगळूरला. आईवडीलही तिकडेच, आणि अंगणातला आंबा कुलपाआड. अशा मालकांनी शेजाऱ्यांना फोनवर एवढी परवानगी द्यावी, ही कळकळीची विनंती. झाड वाचवायला आलेल्या माणसांना फाटकातून परत जावे लागते, याचे फार वाईट वाटते.

रस्त्यावरच्या उंच गुलमोहरांपर्यंत मात्र आमचे हात पोहोचत नाहीत. पथदिवे दुरुस्त करायला येते ती शिडीची गाडी निगमच्या उद्यान विभागाने महिन्यातून एखाद्या रविवारी प्रत्येक वॉर्डात पाठवावी. तार, कापूस आणि माणसे आम्ही देऊ. पार्षदांनी हा विषय दिवाळीपूर्वी मांडावा.

आपला,
एक वाचक
लोकमान्यनगर, इंदूर