सायकलवरची वारी

संपादक महोदय,

आषाढीच्या आधी आम्ही अठरा जण पुण्याहून पंढरपूरला सायकलवर गेलो. हडपसरहून पहाटे ४ ला निघालो आणि यवत, पाटस, भिगवण, इंदापूर करत टेंभुर्णीला उजवीकडे वळलो, अंतर २०० किलोमीटरच्या वर भरतं. चालणाऱ्या वारकऱ्यांशी बरोबरी अजिबात नाही, पण जे अनुभवलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भिगवणजवळ समोरून वारा सुरू झाला. पुढचा माणूस वारा अंगावर घेतो म्हणून मागच्यांना कमी जोर लागतो, त्यामुळे प्रत्येकाने थोडा वेळ पुढे राहायचं आणि मग मागे यायचं असं चाललं होतं आणि आमच्यातले ६४ वर्षांचे काका एकदाही नंबर चुकवायला तयार नव्हते! पुढच्याच्या चाकावर नजर, चेनचा आवाज, तोंडात माऊलींचं नाव, तासभर डोक्यात दुसरं काहीच आलं नाही. घरी देवापुढे दहा मिनिटं बसलं तरी मला हे जमत नाही. कुणाचं पंक्चर झालं की सगळे थांबायचे. नामदेव पायरीशी टेकलो तेव्हा हात थरथरत होते आणि रडू आवरेना.

काही ग्रुप हल्ली किती तासांत पोचलो तेच मिरवतात, ते मनाला लागतं. एक कळकळीची विनंती, हायवेच्या कडेच्या पट्ट्यात ट्रक उभे करू देऊ नका. तिथून बाहेर आलं की मागून भरधाव गाड्या येतात, आमच्यातली एक ताई थोडक्यात वाचली.

– एक सायकलस्वार, कोथरूड, पुणे