आवाज येतो, पण माझ्या मुलीला चित्र दिसायला हवं

दिनांक : २१ ऑगस्ट २०२३
कराड, जि. सातारा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ९ जुलैच्या सॉफ्टवेअर अपडेटपासून फोनवर व्हिडिओ नीट न दिसणे, व सेवा केंद्राने तक्रार न नोंदवता परत पाठवणे.

महोदय / महोदया,

स.न.वि.वि.

मी २०२० च्या दिवाळीत तुमच्या कंपनीचा फोन कराडमधल्या दुकानातून १३,४९९ रुपयांना घेतला. पावतीची प्रत सोबत आहे. मी घरी शिवणकाम करते, पिको-फॉल आणि ब्लाऊज. ते पैसे साठवायला मला आठ महिने लागले होते. पावणेतीन वर्षांत या फोनने एकदाही त्रास दिला नाही. फोन चांगला होता, म्हणूनच त्याच्यासाठी एवढं लांबलचक पत्र लिहायला बसले आहे.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती इथल्या मूकबधिर मुलांच्या शाळेत जाते आणि तिच्या बाई रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवतात. कधी गोष्ट असते, कधी दुसऱ्या दिवशीचा धडा, सगळं खुणांच्या भाषेत. मीही त्यावरूनच शिकते. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने दहा हजार शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश केला आहे. रात्री मशीन झाकून ठेवलं की त्यातले चार-पाच शब्द बघायचे, आरशासमोर करून बघायचे आणि सकाळी मुलीला करून दाखवायचे, हा आमचा नेम. माझं आणि माझ्या मुलीचं बोलणं या फोनवर उभं राहिलं आहे.

९ जुलैला, रविवारी, फोनवर सूचना आली : सुरक्षा आणि कामगिरीत सुधारणा, आत्ताच इन्स्टॉल करा. मी केलं. त्याच संध्याकाळी बाईंची गोष्ट उघडली, तर आवाज व्यवस्थित चालू आणि चित्र मात्र अडकत-अडकत पुढे जातंय. खालच्या बाजूला हिरवा पट्टा येतो, जवळजवळ तिसरा हिस्सा झाकतो आणि मग जातो. बाई कॅमेऱ्यासमोर बसून शिकवतात, त्यामुळे त्यांचे हात नेमके त्या पट्ट्याखाली जातात. मी वही घेऊन मोजलं : तीन मिनिटांच्या व्हिडिओत चित्र सतरा वेळा थांबलं.

ज्याला ऐकू येतं त्याला यात फारसं बिघडल्यासारखं वाटणार नाही. म्हणून हे नीट सांगते. खुणांच्या भाषेत हाताचा आकार तोच राहिला आणि तो कुठून कुठे गेला एवढं बदललं, तरी शब्द बदलतो. भुवया वर गेल्या की वाक्याचा प्रश्न होतो. इंग्रजी अक्षरं दोन हातांनी काढतात, आणि कुठलं बोट कुठे टेकलं यावर अक्षर ठरतं. आता चित्र असं अडकतं की बाईंचा हात कपाळाशी थांबतो आणि पुढच्या क्षणी छातीशी असतो. मधला शब्द गेला. तुम्ही फोनवर बोलताना प्रत्येक वाक्यातले दोन शब्द कुणी गाळत राहिलं तर कसं होईल, तसं. पहिल्या दिवशी मुलीने तीनदा मागे नेऊन तीच गोष्ट बघितली. मग काचेवर नखाने टकटक केली, माझ्याकडे बघितलं आणि फोन पालथा ठेवून दिला. तिने असं कधीच केलं नव्हतं.

आता मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे तुमच्याकडून तेच उपाय पुन्हा यायला नकोत. फोन बंद-चालू केला. ॲपचा कॅशे काढला. जुने फोटो हलवून ११ जीबी जागा मोकळी केली. मेमरी कार्ड काढून पाहिलं. सेफ मोडमध्ये चालवून पाहिलं. शेवटी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून फॅक्टरी रीसेट केला. त्यात पूर्ण एक दिवस गेला. पट्टा जिथल्या तिथे.

माझा भाचा पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याने दोन गोष्टी करून दाखवल्या आणि त्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी, की त्याने व्हीएलसी हे ॲप टाकलं आणि त्यातलं हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद केलं. तोच व्हिडिओ, तोच फोन, आणि हिरवा पट्टा गायब. पुन्हा चालू केलं की पट्टा परत हजर. त्याने समजावलं की व्हिडिओ दाबून साठवलेला असतो आणि तो उलगडायला चिपमध्ये वेगळा भाग असतो, त्याला डिकोडर म्हणतात. त्या भागाला चालवणारं सॉफ्टवेअर अपडेटमधून बदलता येतं. हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद केलं, म्हणजे डिकोडरला बाजूला ठेवलं, की ते काम मुख्य प्रोसेसरच्या अंगावर पडतं. म्हणून त्या ॲपमध्ये हलक्या दर्जाचे व्हिडिओ बरे दिसतात, पण १०८० चा, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राचा, लावला की फोन पाच मिनिटांत हातात धरवत नाही आणि पुन्हा अडखळायला लागतो. शिवाय मुलीने प्रत्येक व्हिडिओ आधी सेव्ह करायचा आणि मग दुसऱ्या ॲपमध्ये शोधून उघडायचा, हे नऊ वर्षांच्या मुलीकडून रोज कसं व्हायचं?

दुसरी गोष्ट त्याहून सरळ. आमच्या गल्लीतल्या काकूंकडे तुमचाच, हाच मॉडेल आहे, माझ्यानंतर दोन महिन्यांनी घेतलेला. त्यांनी ९ जुलैचा अपडेट घेतलेला नाही. बाईंचा तोच व्हिडिओ त्यांच्या फोनवर लावला, तर पाण्यासारखा चालला. आम्ही दोन्ही फोन माझ्या कापड बेतायच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले, एकाच वेळी तोच व्हिडिओ लावला आणि भाच्याने त्याचं चित्रण करून घेतलं. ते पेन ड्राइव्हवर या पत्रासोबत पाठवत आहे. एक मिनिट दहा सेकंदांचं आहे. कृपया संपूर्ण बघा.

१८ जुलैला मी एसटीने साताऱ्याला तुमच्या अधिकृत सेवा केंद्रात गेले. तपासणीचे ३५० रुपये घेतले. तिथल्या मुलाने व्हिडिओ लावला, कान लावून ऐकला आणि म्हणाला, "ताई, आवाज तर येतोय ना!" मी मुलीबद्दल सांगितलं, तेव्हा तो गप्प झाला. तो वाईट नव्हता, त्याला कुणी शिकवलंच नसावं. मग त्याने आतल्या माणसाला विचारलं आणि उत्तर आणलं : मदरबोर्ड बदलावा लागेल, ६,२०० रुपये, वॉरंटी संपली आहे. अपडेटच्या आदल्या दिवशीपर्यंत धडधाकट असलेला मदरबोर्ड एका रात्रीत कसा गेला, याचं उत्तर मिळालं नाही. जुनं सॉफ्टवेअर परत टाका म्हटलं, तर सिस्टिम मागे जाऊ देत नाही म्हणाले. अपडेटविषयीची तक्रार लिहून घेतली नाही, जॉब शीटवर 'ग्राहकाने दुरुस्ती नाकारली' एवढंच लिहिलं. मी दुरुस्ती नाकारलेली नाही. तो शेरा काढून टाका.

तुमच्या मदत क्रमांकावर दोनदा बोलले. दुसऱ्या वेळी सांगण्यात आलं की हल्लीचे व्हिडिओ नव्या पद्धतीचे असतात, जुन्या फोनला झेपत नाहीत. २०१८ मध्ये व्हिडिओ दाबून साठवायची एव्ही१ नावाची पद्धत आली आणि जुन्या चिपमध्ये तिचा डिकोडर नसतो, हे भाच्याने मला सांगितलं आहे. ती अडचण असती तर मी तुम्हाला बोल लावला नसता. पण बाईंचे व्हिडिओ एच.२६४ पद्धतीचे आहेत, आणि ती २००३ पासून आहे. तुमच्या फोनच्या खोक्यावर ती छापलेली आहे. आणि मुलीच्या सातव्या वाढदिवसाला मी याच फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला व्हिडिओसुद्धा आता हिरवा दिसतो. तो तर नवा नाही.

जुन्या सॉफ्टवेअरकडे जाऊ न देण्यामागे सुरक्षेचं कारण असतं, जुन्या फटी पुन्हा उघडू नयेत म्हणून, हे मला मान्य आहे. पण परतीचा रस्ता तुम्हीच बंद ठेवला असेल, तर पुढचा रस्ता नीट करून देणंही तुमच्याकडेच येतं. इटलीच्या स्पर्धा नियामकाने २०१८ मध्ये दोन मोठ्या मोबाइल कंपन्यांना दंड केला तो याच कारणावरून : अपडेटमुळे जुने फोन मंदावले, ग्राहकाला आधी पुरेशी माहिती दिली नाही आणि फोन पूर्ववत करायची सोय ठेवली नाही.

माझं मागणं एवढंच आहे. डिकोडरचा दोष दुरुस्त करणारा अपडेट हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत द्या. ते जमत नसेल, तर तुमच्या सेवा केंद्रातून अधिकृतपणे आधीची आवृत्ती विनामूल्य टाकून द्या. दोन्ही होत नसेल, तर मदरबोर्ड तुमच्या खर्चाने बदला. घेतलेले ३५० रुपये परत करा. आणि सेवा केंद्रातल्या मुलांना सांगा की व्हिडिओची तक्रार डोळ्यांनी तपासायची असते.

उत्तर लेखी हवं. ते या मुदतीत आलं नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली साताऱ्याच्या जिल्हा आयोगात जाईन. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, याची चौकशी मी करून ठेवली आहे. तिथे जायची माझी हौस नाही. शिवणकाम सोडून तारखेला जाणं मला परवडणारं नाही. पण जाईन.

तपासणीसाठी फोन लागणार असेल तर मी द्यायला तयार आहे. मात्र तेवढे दिवस व्हिडिओ नीट चालणारा दुसरा फोन तुम्ही द्यावा. सध्या मुलगी रोज संध्याकाळी काकूंकडे जाऊन त्यांच्या फोनवर धडा बघते. काकूंना तो अपडेट घेऊ नका म्हणून मीच सांगितलं आहे, पण सूचना त्यांच्याही फोनवर रोज येते.

कळावे,

आपली विश्वासू,
एक ग्राहक, कराड

सोबत : खरेदीची पावती, सेवा केंद्राची जॉब शीट, ३५० रुपयांची पावती, दोन फोनच्या तुलनेचं चित्रण (पेन ड्राइव्ह)