शेजारच्या शाळेतल्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही 'चहा घ्या गुरुजी' म्हणून विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

द्विशिक्षकी शाळेत एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. एकमेकांचा वर्ग बघायला सवड कुणाला? आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याची शिक्षण परिषद असते, पण तिथला बराच वेळ माहिती भरण्याच्या सूचनांतच जातो. अशाच एका परिषदेनंतर मी हातच्याच्या वजाबाकीचं रडगाणं गायलं, तर उपाय न सांगता तुम्ही एवढंच विचारलंत, 'वर्गात येऊन बसू का?'

आलात, आणि माझ्याकडे पाहिलंच नाहीत. तिसरीतल्या एका पोराशेजारी मांडी घालून बसलात. ५२ वजा २७, त्याचं उत्तर ३५. 'कसं केलंस, सांग बरं.' तो म्हणाला, 'दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले.' त्याच्या परीने बिनतोड! मग तुम्ही माझं लक्ष काड्यांकडे वेधलंत. गठ्ठे आयते, रबर लावून ठेवलेले. पोरं ते सोडायला धजतच नव्हती. त्यांच्या लेखी गठ्ठा म्हणजे एक वस्तू, दहा काड्या नव्हेत.

तोच पाठ तुम्ही तुमच्या शाळेत घेतलात, गठ्ठे मुलांकडूनच बांधून घेऊन. मी मागे बसून टिपणं काढली. एका मुलीने गठ्ठा सोडला, पण त्या दहा काड्या आधीच्या दोन सुट्या काड्यांत मिसळल्याच नाहीत. म्हणून आमच्याकडे पाठ घेताना आपण एक प्रश्न वाढवला: 'आता सुट्या किती झाल्या?' आता बहुतेकांना हातचा कुठून येतो ते सांगता येतं. दोघं-तिघं अजून अडखळतात, तेही खरं.

जपानमधले शिक्षक असं एकत्र बसून पाठ घडवण्याचं काम पिढ्यानपिढ्या करत आलेत, 'लेसन स्टडी' म्हणतात त्याला. आपल्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत असं आहे. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसून आपण घातलेला वाद त्यात कुणी धरेल की नाही कोण जाणे. मी धरतो.

आणि नोकरीत एवढ्या ज्येष्ठ असून तुम्ही मला विचारलंत, 'चौथीकडून कविता कशी म्हणवून घेता, बघायला येऊ?' वर्गाचं दार उघडं ठेवायची माझी भीड त्या प्रश्नाने मोडली.

पुढचा घटक भागाकाराचा. या वेळी आधी आमच्याकडे घेऊ. केंद्रशाळेतले सरही येऊन बसायचं म्हणतायत; मी 'या' म्हणून टाकलंय.

आपला,
ओढ्यापलीकडच्या शाळेतला गुरुजी