टोकन द्यायच्या आधी

डोंबिवली,
रविवार, दुपार

प्रिय मीने,

गणपतीत तुझा फोन आला, मी नंतर करते म्हणाले आणि केला नाही. रागावली असशील. रागाव, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. दुसऱ्या कोणाशी हे बोलताच येत नाहीये. ह्यांच्यापाशी विषय काढला की ते कॅल्क्युलेटर काढतात, आणि ताईपाशी काढला की ती बाबांच्या आठवणीने रडायला लागते.

आम्ही घोडपदेवला फ्लॅट बघून आलो. आपल्या चाळीच्या जागेवर जो टॉवर झालाय ना, त्यातच. सेल विंगमध्ये, म्हणजे बिल्डर बाहेरच्यांना विकतो त्या भागात; जुन्या चाळकऱ्यांची ती रिहॅब.

तब्येती सगळ्यांच्या ठीक. माझं बीपी गोळीवर आहे, ह्यांची शुगर काठावर, सासूबाईंचे गुडघे होते तसेच. सध्या पितृपक्ष आहे म्हणून त्या घराचं नावही काढू देत नाहीत, आणि मला ते बरंच वाटतंय. तेवढाच विचाराला वेळ. दसऱ्याला टोकन द्यायचं, असं ह्यांनी ब्रोकरला सांगून टाकलंय.

कारण तुला माहीतच आहे. मुक्ता जे. जे.ला लागली. माझी बँक फोर्टात, हे परळला, म्हणजे घरातली तिन्ही माणसं सकाळी एकाच दिशेला निघतात. मुक्ता तो भलामोठा ड्रॉइंग बोर्ड घेऊन लेडीज डब्यात चढते तेव्हा बायका तिच्यावर ओरडतात, आणि त्यांचंही काही चुकत नाही गं. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकणारी माणसं पडली, त्या दिवसापासून पोरगी पोहोचल्याचा मेसेज येईपर्यंत मला काही सुचत नाही. भायखळ्याहून सीएसएमटी म्हणजे मध्ये दोन स्टेशनं. तिने रात्री उशिरापर्यंत स्टुडिओत काम केलं तरी टॅक्सीने घरी येईल. एवढं साधं आहे.

आणि मला परत जायचंय, हेही तितकंच खरं. डोंबिवलीने आम्हाला सगळं दिलं, मी तिला नावं ठेवणार नाही. पण आमच्या सोसायटीत सगळ्यांची आडनावं एका हाताच्या अंतरावरची. मुक्ताला कुकर लावताना शेजारून अजान ऐकू येणं, नाताळात ग्लोरिया चर्चला मध्यरात्रीची गर्दी, रमजानात मालपुवे आणायला नागपाड्याला जाणं, हे सगळं सहल म्हणून माहीत आहे. आपल्याला ते घर म्हणून माहीत होतं. मागच्या महिन्यात तिला नागपाड्याचं निळं सिनेगॉग दाखवलं, डेव्हिड ससूनने १८६४ साली बांधलेलं. त्याच आवारातल्या ससूनच्या शाळेतून हिजाब घातलेल्या मुली बाहेर पडत होत्या. ज्यूंनी काढलेली शाळा, आता बहुतेक मुलं मुसलमान. मुक्ता बघतच राहिली. मला म्हणाली, आई, तू हे सोडून आलीस? मी कुठे सोडलं! मी बारा वर्षांची होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो कधी संपलाच नाही, आणि १९८६ मध्ये बाबांनी खोली विकून डोंबिवली गाठली.

आता ब्रोकरचं ऐक. चांगला मुलगा होता, नम्र. खाली लॉबीत गारेगार एसी, समोर कारंजं, पार्किंगचेच सहा मजले, गाडी थेट वर. घर आतून छान आहे, खोटं कशाला बोलू. हवा इतकी की बोलायची सोय नाही, आणि किचनच्या खिडकीतून राणीच्या बागेची झाडं दिसतात. वन बीएचके, चारशे चौरस फूट, दीड कोटीच्या वर. डोंबिवलीचं विकून, ह्यांचा पीएफ काढून, वर माझ्या नावाने कर्ज. ओसी, म्हणजे राहायच्या परवानगीचा दाखला, आलेली आहे त्यामुळे जीएसटी नाही, आणि घर बाईच्या नावावर असेल तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट. ह्यांनी ते लगेच लिहून घेतलं.

मग तो मुलगा मला म्हणाला, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, रिहॅब एकदम सेपरेट आहे. गेट वेगळा, लिफ्ट वेगळी. ते लोक तुम्हाला दिसणार पण नाहीत."

ते लोक म्हणजे शेवंतामावशी, मीने. ते लोक म्हणजे पाटकर, झुंबरची आई, कोपऱ्यातला गोम्स. अण्णांनी विकली नसती तर ते लोक म्हणजे तू.

सेलचं गेट मोठ्या रस्त्यावर आहे. रिहॅबचं मागे, गल्लीत, जिथे आपला नळ होता साधारण तिथे. दोन्हींच्या मध्ये भिंत आहे, माझ्या डोक्याच्या वर हातभर. सेलच्या बाजूने तिच्यावर प्लॅस्टिकचं हिरवं गवत चिकटवलंय. मी हात लावून बघितलं, खरखरीत लागतं, आणि एका कोपऱ्यात सुटून आलंय, आतला सिमेंटचा ठोकळा दिसतो. भिंतीत एक लोखंडी दार आहे, त्याला कुलूप. विचारलं तर म्हणाला, फायरसाठी. मग त्याने आमचं आडनाव दोनदा वाचलं आणि विचारलं, नॉनव्हेज खाता का, कारण तिथल्या काही फॅमिलीज ते प्रेफर करत नाहीत. आणि सगळ्यात शेवटी, मला खूश करायला म्हणून, आवाज खाली करून म्हणाला, "क्राउड चांगला आहे. मिक्स नाही."

मला ज्यासाठी तिथे जायचंय तेच तिथे नाही, याची तो मला खात्री देत होता.

ह्यांना लॉबीत बसवून मी मागच्या गेटने शेवंतामावशीकडे गेले. चौदावा मजला. कॉरिडॉर अंधारा, पण प्रत्येक दारासमोर रांगोळी, चपलांचे ढीग, कोणाची तरी सायकल, आणि सुक्या बोंबलांचा असा वास की मला आपली गॅलरी आठवली. मावशी ऐंशीच्या पुढे गेली, तरी मला आवाजावरून ओळखलं. मी जरा हळवं होऊन म्हटलं, मावशी, चाळ गेली गं. तर म्हणाली, "गेली तर गेली. आता संडास घरात आहे. रात्री बारा वाजता बादली घेऊन खाली जायची पाळी तुझ्यावर या वयात आली असती तर कळलं असतं." आणि मला तिने तो संडास उघडून दाखवला, टाइल्ससकट. तीनशे चौरस फूट आहे तिचं. विचार कर, तिचं तीनशे आणि माझं चारशे, मध्ये दीड कोटी आणि एक भिंत.

पण तीच मावशी पाणी देताना म्हणाली की कॉर्पसचं, म्हणजे मेंटेनन्ससाठी ठेवलेल्या रकमेचं, व्याज पुरत नाही. तीन लिफ्ट, त्यातली एक बंद, पंप, वॉचमन. बाळ्या म्हणतो भाड्याने देऊ आणि बदलापूरला जाऊ. मजल्यावरची चार घरं आत्ताच गेली आहेत. म्हणजे बिल्डरने कोणाला हाकललं नाही, कायद्याने घरंही मिळाली, आणि तरी माणसं चाललीच आहेत, महिन्याच्या बिलाने. मी म्हटलं, मावशी, मी इथे घर घेऊ का? म्हणाली, "घे की. तू घेतलंस म्हणून माझं मेंटेनन्स कमी होणार नाही, आणि नाही घेतलंस म्हणूनही नाही." यावर काय बोलायचं सांग.

आता तू म्हणशील, दादरच्या पुलावर काय बोलली होतीस आठवतंय ना? आठवतंय. २००९ मध्ये अण्णांनी खोली दिली तेव्हा मी तुला म्हटलं होतं, तुम्ही लोक विकता म्हणून हे टॉवर उभे राहतात. आणि तू भर गर्दीत ओरडलीस, "अण्णांच्या ऑपरेशनचं बिल तुझ्या आठवणींनी भरायचं का?" मागे एक भाजीवाली डोक्यावर टोपली घेऊन उभी होती, ती म्हणाली, बायांनो, पुलाच्या खाली जाऊन भांडा. ते आठवलं की अजून हसू येतं. विकल्याचा मला कधीच राग नव्हता गं, मला न सांगता विकली याचा होता. ते मी आजही धरून आहे.

पण तू तेव्हा आणखी एक बोलली होतीस, ते या आठवड्यात सारखं डोक्यात येतंय. तू म्हणालीस, मिसळलेली वस्ती बिल्डरने मोडली नाही, ती ९३ च्या दंगलीतच मोडली. नसीमखाला तेव्हाच मुंब्र्याला गेली. तिची खोली घ्यायला एकही मुसलमान गिऱ्हाईक आलं नाही, आणि चाळीतल्या कोणालाही ते खटकलं नाही. तू तिथे होतीस, मी नव्हते. माझ्याकडे फक्त सुट्टीतली चाळ आहे, तुझ्याकडे पुढची सगळी वर्षं आहेत. रोज लोकल मुंब्र्याला थांबते तेव्हा मला खालाची आठवण येते.

दुसरं एक घर बघितलंय, तेही ऐक. माझगावात, म्हातारपाखाडीपासून चालत पाच मिनिटांवर. जुनी पागडीची बिल्डिंग, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमचं भाडेकरू व्हायचं, तिसरा मजला, लाकडी जिना. तळमजल्यावर शिंपी, आझमगढचा. पहिल्यावर एक गोव्याच्या बाई, त्यांच्या दाराबाहेर वेदीसारखं छोटं कपाट आणि त्यात मेरी. समोर बोहरी कुटुंब. वरच्या मजल्यावर नोकरी करणारी तीन पोरं भाड्याने राहतात, एक मणिपूरचा. मी जिना चढत होते तेव्हा त्या बाईंनी स्वतःहून दार उघडून विचारलं, कोणाकडे आलात. मला तिथेच बसावंसं वाटलं. मला हवं आहे ते हेच.

पण बँका पागडीवर होम लोन देत नाहीत. मी स्वतः लोन डिपार्टमेंटला आहे, मला कोण शिकवणार! सगळे पैसे रोख उभे करायचे, त्यातला वाटा घरमालकाला, आणि कागद म्हणजे भाड्याची पावती. सासूबाई तो जिना चढूच शकत नाहीत. आणि आज ना उद्या तीही बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, मग आम्ही तिथले रिहॅब आणि समोर नवीन सेल विंग. म्हणजे बघ, ज्या घरात सगळे एका जिन्यावर भेटतात त्याला कर्ज नाही, आणि ज्या घरात कोणी कोणाला भेटू नये अशी सोय केली आहे त्याला वीस वर्षांचं कर्ज हसत मिळतं.

बाबांचा अर्ज अजून म्हाडाकडे आहे, गिरणी कामगारांच्या घरांसाठीचा. ते गेले, आता वारस म्हणून ताईचं नाव. सरकार आता शेलू आणि वांगणीला घरं देऊ म्हणतंय. ज्या गिरणीच्या भोंग्यावर आपल्या आयांनी चूल पेटवली, तिथून कर्जतच्या वाटेवर. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते, त्यातला एक घरांसाठी. २००१ मध्ये नियम बदलला, फक्त मोकळ्या जमिनीचे वाटे करायचे ठरलं, आणि मोकळी जमीन होतीच किती! २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो बदल उचलून धरला. हे सगळं तुला पाठ आहे, अण्णा मोर्च्यांना जायचे. पण मला त्याच मातीवर गिऱ्हाईक म्हणून चेक फाडायचाय आणि हात थरथरतो. वाटतं, घरातल्या तीन माणसांची रोजची धडपड कमी होत असेल तर एवढा विचार का करायचा. लगेच वाटतं, त्या पोराने "ते लोक" म्हटल्यावर मी मान खाली घालून टाइल्स बघत राहिले तर मी त्या घरात राहू शकणार नाही.

गप्प बसले नाही मी. त्याला म्हटलं, ते लोक माझे आहेत, आणि आम्ही बांगडे दर शुक्रवारी तळतो. ह्यांनी कपाळाला हात लावला. पोरगा मात्र हसला, म्हणाला, माझी आईपण रिहॅबमध्येच राहते, शिवडीला.

तर आज माझा कल असा आहे: घ्यावं. पण घेतलं तर दाराला मुसलमान, ख्रिश्चन, कोणी का गिऱ्हाईक येईना, सोसायटीत त्याला कोणी नाही म्हणू लागलं तर मी उभी राहणार. आणि पहिल्याच जनरल बॉडीत त्या लोखंडी दाराच्या कुलपाचा विषय काढणार. हे म्हणतात, आधी चार हप्ते फेड, मग क्रांती कर. मुक्ता म्हणते, आई, तू नाही काढलास तर मी काढीन. उद्या हा कल बदलेलही. म्हणूनच तुला विचारते आहे, आणि सरळ विचारते: मी घेतलं तर तुला कसं वाटेल? वास्तुशांतीला येशील? तुला लॉबीतून यायला सांगितलं तर ते तुला बोचेल का? चाळीतल्या दुसऱ्या कोणाचं मला एवढं नाही वाटत.

तुझं सगळं ठीक ना? सुजयला कोल्हापूरला होस्टेल मिळालं का? शाळा पटसंख्येसाठी बंद करणार म्हणत होते त्याचं काय झालं, ते लिही. नणंदेच्या जमिनीच्या भानगडीत सही करू नकोस, आधी सातबारा मला पाठव. आईंना नमस्कार. अण्णांची तिथी याच पंधरवड्यात ना? माझ्या नावाने एक पान वाढ, त्यांना माझ्या हातची वालाची उसळ आवडायची.

फोनवर सांगू नकोस. फोनवर तू सगळ्याला हो म्हणतेस आणि मग महिनाभर फुगून बसतेस. लिहून पाठव, व्हॉट्सअॅपवर चालेल, पण नीट लिहून. नवरात्र बसायच्या आत.

तुझीच,
सुनी

ता. क. शेवंतामावशीने तुझा नंबर मागितला, मी दिलाय. ती तुला विचारणार आहे की तुझ्याकडच्या दोन पितळी कळश्यांपैकी तिची कुठली. दोन्ही तिच्याच आहेत, मला माहीत आहे, एक तरी परत दे.